भिंतीवरच्या दोन भुंड्या जागा

आम्ही कल्याणचे, खाडीकाठचे कुंभार, आज्याचं चाक, बापाचं चाक, आणि काय सांगू तुम्हाला, त्या चाकाला बायकांनी हात लावायचा नाय ही आमच्याकडची रीत, पोरीनं माती चाळायची, तुडवायची, मडकी उन्हात मांडायची, बस. मग मी काय करायची, उरलेली माती घ्यायची आणि खाडीत जे दिसेल ते हातानंच करायची, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, बगळे, तिवराची पानं, चिंबोऱ्या, म्हंजे खेकडे, ते तर किती केले. आई ओरडायची, पण भट्टीत एका कोपऱ्यात ठेवून द्यायची.

नवऱ्यानं टाकलं तेव्हा परत दादाकडे आले, दादा म्हंजे माझा थोरला भाऊ, बापाचं चाक त्याच्याकडे आलेलं. तेव्हा विठ्ठलवाडीच्या पलीकडे निर्वासितांची छावणी वसलेली, तिथल्या चहावाल्यांकडे फुटक्या कपबश्यांचा ढीग असायचा, मी टोपलीभर घेऊन यायची आणि ते चिनीमातीचे तुकडे चिंबोरीच्या पाठीवर सिमेंटात बसवायची. ठाण्याच्या एका नव्या शाळेचे हेडमास्तर माठ घ्यायला आलेले, त्यांनी ते बघितलं, बोलले आमच्या दारावरची भिंत अशीच करून द्या, आणि बोलले कोणाला, तर दादाला. अख्खा उन्हाळा मी खपले, नखं झिजली माझी, सगळी खाडी केली त्या भिंतीसाठी. भिंतीवर चढवायला मात्र दादा आणि गवंडी गेले, मी घरात.

उद्घाटनाला गेले तर दारात दगड बसवलेला, मला वाचता येत नाय, बाजूच्या बाईनं वाचून दाखवला, शिल्पकार म्हणून दादाचं नाव, आणि हार पण त्याच्याच गळ्यात. माझं डोकं फिरलं. वाटेत विचारलं तर बोलतो, अगं तू चाकाला हात लावत नाय, तू कुंभार कुठली, तू तर खेळणी करतेस. खेळणी. अजून आठवलं की अंग पेटतं माझं. अहो, त्या भिंतीवर चाकावरची एक वस्तू नाय, एक नाय.

मग झालं काय, पोरांचा चेंडू लागून दोन चिंबोऱ्या फुटल्या, हेडमास्तरांनी दादाकडे नव्या मागितल्या, हा बोलला आठ दिवसांत देतो. केल्या, दिसायला बऱ्या केल्या, पण भरीव केल्या. मी पोट आतून अंगठ्यानं कोरून काढते, भरीव माती भट्टीत फुटते, हे त्याला ठाऊकच नाय, त्यानं मला काम करताना कधी बघितलंच नाय ना. फुटल्या त्या, बाजूची मडकी घेऊन फुटल्या. दुसऱ्यांदा पण तेच.

तेव्हा आला माझ्याकडे, बोलला कर गो दोन. मी बोलले करते, पण आधी हेडमास्तरांना जाऊन सांग कोणी केलं ते, दगड बदल. तो बोलला घरातलं घरात राहू दे. बरं बोलले, मग चिंबोऱ्या पण घरातच राहतील.

त्याला चार वर्षं झाली. त्याच्या घरात राहते, त्याची माती तुडवते, भाऊबीजेला ओवाळते, त्याला आयुष्य मागते, माझाच भाऊ आहे, पण चिंबोरी देत नाय. त्या दोन जागा अजून भुंड्या आहेत, जाऊन बघा. राग गेला असं लिहू नका, गेलेला नाय. आणि माझं नाव भागीरथी, पुरतं लिहा. लिहिलंत? मग वाचा बघू, जरा मोठ्यानं वाचा, दादा बाहेर चाकावर बसलाय.