वजनकाटा दाराशी

निमाणीच्या बसस्टॉपवर संजना तोंडाला स्कार्फ बांधून उभी होती. शेजारी तिच्याच द्राक्षांच्या पॅकहाउसमधल्या चांगुणाबाई भाचीशी बोलत होत्या. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं.

"नव्या मॅडम रोज इचारतात, काय अडचण हाय का?"

"मग सांगायची ना, मावशी!"

"सांगू कधी? मी तोंड उघडेस्तोवर त्या पुढच्या टेबलाला!"

"पण अडचण काय?"

"वजनकाटा पार दाराशी. दर पेटीला तिथवर चक्कर. वरून म्हणतात, हात चालवा. हात लय चालतात गं, पाय राहिले नाय!"

"मग?"

"सोमवारपासून दुसरीकडं जाते."

बस आली. संजना हलली नाही.

"ओ ताई, ही तुमची गाडी नाय का?" चांगुणाबाईंनी तिला विचारलं.

"जाऊ द्या तिला." संजनानं स्कार्फ सोडला. "चांगुणाबाई, काटा कुठं ठेवू?"