आप्पांची मनातली कातरणी

—नाही सर, आप्पा झोपलेले नाहीत, डाव्या हातात चहाचा कप धरलाय बघा, मेंढरं कातरतायत. हाताचा व्यायाम शिकवताना तुम्हीच नाही का सांगितलं, लकव्यानं उजवा हात पडलाय तर निदान मनात चालवा, डोळे मिटून रोजचं काम करताना बघा, म्हणजे मेंदू हाताला विसरणार नाही? मग धनगराचं काम कुठलं — कातरणीच की. पण आधी कितीतरी दिवस नुसती धूतच होते. मी म्हटलं, आप्पा, मनातली मेंढरं मळकी ठेवायचीच कशाला? तर म्हणाले, 'न धुता कातरत्यात व्हय गं? कालेजात हेच शिकीवत्यात?' मग ती वाळेपर्यंत सुट्टी. आणि आता सुरू झालं म्हणावं तर — हसू नका हं सर — कातर निंगप्पाकाकाच्या हातात! आमच्यात कातरणीला एकमेकांकडं जायची रीत आहे ना, म्हणून यांनी मनातसुद्धा भावाला बोलावलंय. तो कातरतोय आणि हे डाव्या हातानं मेंढराचा पाय धरून बसलेत. उजवा मनातही मांडीवरच! म्हटलं, काकाला घालवा. 'जेवू न घालता?' — झालं, मटण शिजायला लागलं. मनातच हो, पण वास मला यायला लागला — खरंच, परवा मी दचकून उठून गॅस बघून आले.

घड्याळ नका ना बघू. खरा काका काय म्हणतो माहितीय? हातात कातर धरवत नसेल तर येत्या बाजाराला कळप विकून टाकू. आणि मी… मी पण हो म्हणणार होते. शेळी शिंकली तरी मी दचकते, सर, मी काय कळप राखणार? पण कळप गेल्यावर आप्पांनी मनात तरी काय कातरायचं? म्हणून आत्ता, तुम्ही यायच्या आधी, त्यांच्या कानाशी ओरडले — काकानं कोकराचा कान कापला! खोटंच, म्हटलं, रागानं तरी कातर स्वतःच्या हातात घेतील. तेव्हापासून बघा, श्वास कसा चाललाय, कपाळाची शीर—

आई गं! कोण — माझी वेणी — सर, तुम्ही तर समोर आहात. आप्पा? अहो, मी ऋतुजा, मेंढरू नाही — थांबा सर, पुढं येऊ नका. डाव्या हातात तर कप आहे ना त्यांच्या? नीट बघा. आहे ना? मग हा…

नाही, नका सोडवू. दुखतंय. लई दुखतंय. दुखू दे. तुम्ही निघा आज. आणि सर — चपला हातात घेऊन जा, मेंढरं बुजतील.