बोटभर टोक

भूकंपाला तीन दिवस झाले होते, आणि घरात परत जायच्या परवानगीची रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. शिंपीणबाईचा पारा चढला होता, पण पुढे उभी असलेली काकू आणि तिचा गवंडी बोलायला लागले तसे तिने कान टवकारले.

"तीन मजले उभे आहेत रे माझे! भिंतींना भेगा पडल्या, पण खांब एकही हलला नाही."

"काकू, तो इन्स्पेक्टर आठवतो? खांबात काँक्रीट ओतू न देणारा?"

"विसरेन कशी? चार दिवस काम अडवलं मेल्याने. तोंडावर खडूस म्हणाले मी त्याला."

"मी तर त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. म्हणे, खांबाच्या उभ्या सळयांना बांधतात त्या रिंगांची टोकं आत वळवा, नियम आहे. बोटभर टोक हो! पाचशे रिंगा पुन्हा वाकवल्या, हाताला फोड आले."

"घरात अकरा माणसं होती. सून पाळण्यापाशी. अख्खं घर होडीसारखं डोललं, आणि आपल्या जागी येऊन गप उभं राहिलं."

"त्या बोटभर टोकाने धरलं, काकू. टोकं सरळ असती तर रिंगा उघडून खांब फुटले असते."

"आणि तुझं घर?"

"वस्तीबाहेर आहे. तिथे कोण येतंय तपासायला? मीच बांधलं. टोकं सरळच ठेवली, झटपट."

"मग?"

"बसलं खाली. बायको-पोरं अंगणात होती म्हणून वाचली."

काकूने त्याचा हात धरला.

"पुढचा!" खिडकीतून हाक आली. गवंडी पुढे झाला.

"साहेब, मला परवानगी नको. घर पुन्हा बांधतोय, तपासायला माणूस पाठवा. तो खडूस असेल तर त्यालाच पाठवा."