धुण्याच्या खोलीतला नळ

नाही, फ्रीजच्या दाराला भोक पाडायला माझी ना नव्हतीच, पण आतल्या मुरवलेल्या काकड्यांच्या बरण्या तरी आधी बाहेर काढाव्यात की नाही माणसानं? पण बोलणार कुणाला... अक्कल माझीच!

तुम्हाला सांगते, माझा नवरा बोहुश रेल्वेतून निवृत्त झाला तेव्हा मला वाटलं, चला, आता संध्याकाळी समोर बसून जेवणारं माणूस मिळालं. कसलं काय! दिवे लागले की हा चेस्तमिरच्या गुत्त्यात, आणि इकडे मी रस्सा गरम करतेय, पुन्हा गरम करतेय, शेवटी एकटीच जेवतेय. एक दिवस डोकं फिरलं आणि बोलून गेले, एवढा त्या बिअरच्या नळावर जीव आहे तर तो नळच घरी आण. मी टोमणा मारला हो, त्यानं हुकूम समजला!

झालं. धुण्याच्या खोलीत पोलादी पिंप आलं, नळ्या आल्या, गॅसचा सिलिंडर आला, म्हणजे स्वयंपाकाचा नव्हे, सोड्यात फसफसतो ना, तो गॅस. तो पिंपात सोडायचा, तो बिअरला ढकलतो, बिअर नळातून येते, इतकं सोपं, असं बोहुश म्हणाला. दुसऱ्या दिवशी नळ उघडला तर थेंब नाही, सिलिंडर रिकामा! मग प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून शोध, कुठे बुडबुडे येतात, तर एका जोडातली रबराची चकतीच गायब. बोहुश रांगत रांगत खोलीभर शोधतोय, आणि मी गप्प उभी... कारण आदल्या दिवशी केर मीच काढला होता. काळी चकती दिसली, म्हटलं कुठल्यातरी झाकणाची असेल, दिली टाकून. अक्कल माझीच!

नवी चकती आली, नवा गॅस आला, आणि नळातून काय आलं? फेस! मगभर फेस, तळाशी घोटभर बिअर. गॅस वाढवला तर फेस थेट माझ्या इस्त्रीच्या चादरींवर, कमी केला तर बिअर अशी मेलेली की भांडी विसळल्याचं पाणी बरं. आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडलेला माणूस, पालथ्या टबावर बसला होता तोंड पाडून. मला आली दया. शेजारच्या ओताकरला हाक मारली, आणि तिथेच चुकलं.

ओताकर म्हणाला नळी आखूड आहे, बिअर धाडकन येते म्हणून फेसाळते. त्यानं मेहुण्याला विचारलं, मेहुण्यानं गुत्त्यातल्या सगळ्यांना, आणि बिअरवर मत नाही असा माणूस आमच्या गावात अजून जन्मायचाय! अख्खं टेबल आलं, भांडलं, लांब नळीचं वेटोळं करून फ्रीजमध्ये बसवलं, दाराला भोक पाडून नळ बाहेर काढला, आणि काय सांगू, अशी बिअर आली, वर साईसारखा फेस! पहिला मग बोहुशनं माझ्या हातात दिला. मी भरून पावले.

आणि मंडळी तिथेच राहिली. रोज. "वहिनी, मीठ आहे का?" "वहिनी, काकड्या संपल्या." गुत्ता ओस पडला तेव्हा चेस्तमिर स्वतः आला, म्हटलं आता हा भांडणार. त्यानं बिअरचा मग उजेडात धरला, एक घोट घेतला आणि म्हणाला, "वहिनी, बसायला काही मिळेल?"

मग मी काय करावं? माझं ताट उचललं आणि गेले गुत्त्यात. तिथे चेस्तमिरची बायको व्लास्ता एकटीच. दोघी जेवलो, बोललो... इतकं निवांत जेवण लग्नानंतर पहिल्यांदाच, तुम्हाला खोटं वाटेल! मग रोजच जायला लागले.

परवा बोहुश गुत्त्याच्या दारात. टोपी हातात, आत येईना. म्हणाला, "संध्याकाळी तू घरी नसतेस. करमत नाही गं." अहो, घर माणसांनी भरलेलं, आणि याला करमत नाही! मी विरघळलेच. म्हटलं, मग काय करायचं ते तूच सांग.

त्यानं सांगितलं नाही, केलं. आज सकाळी दुसरा फ्रीज आलाय. माझ्यासाठी वाइनचा नळ बसवतोय, म्हणजे मी संध्याकाळी घरी राहीन. व्लास्ताला कसं सांगू, बिचारी एकटी पडेल, या विचारानं माझा जीव कासावीस, तर ती म्हणते, "नळ सुरू झाला की निरोप दे. मी येते, माझ्या नणंदाही येतील."

काय करणार? म्हटलं, या.