आबांना खुपलेली बाबागाडी

आमचे आबा एका बाबागाडीवर जळत होते, खरं सांगतो! आबांसकट सगळ्यांना किनवटला माझ्या सासुरवाडीला जायचं होतं, म्हणून मुलीसाठी घडीची गाडी घ्यायला लातूरच्या दुकानात गेलो. आबाही आले. नात आजवर त्यांच्याच कडेवर फिरलेली. ती गाडीत बसून खिदळली अन् आबांचं तोंडच उतरलं.

“लई हलकी हाय, वाऱ्यानं उडंल.”

दुसरीची चाकं बारीक निघाली. मी वैतागलो. “आबा, मग घ्यायची कोणती?”

“माझ्या कडेवर काटे हायत का?”

दुकानदारानं पहिलीचीच घडी घातली. “काका, ही एका हातात मावते.”

“मंग दुसऱ्या हातावर नात बसंल की! हीच द्या.”

किनवट येईपर्यंत त्यांनी ती गाडी उघडूच दिली नाही.