तांडेलबाबांची गाठ

तुम्हाला वाटतं, घरोघरी जाऊन पेशंट बघणाऱ्या माझ्यासारख्या नर्सचं म्हणजे आरामाचं काम. मग समुद्राकाठच्या नवापूरच्या तांडेलबाबांचं ऐका.

सगळा जन्म बोटीवर गेलेला माणूस, आता फुफ्फुसं थकलीत, दिवसभर ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. वीज गेली तर हाताशी असावा म्हणून एक भरलेला सिलिंडर घरात ठेवलाय. मीच बजावलं होतं, "तो पडता कामा नये, घट्ट बांधून ठेवा."

परवा दुपारी मी तिथं असतानाच वीज गेली आणि मशीन बंद पडलं. सिलिंडरकडे धावले तर तो खाटेशेजारच्या खांबाला बुडापासून तोंडापर्यंत नायलॉनच्या दोरानं गुंडाळलेला. वरची चावी फिरवायलासुद्धा जागा नाही. मी गाठीला नखं लावली, सुनेनं दात लावले. गाठ हलेना. बाबांचे ओठ निळे पडायला लागले.

"कोणी बांधलंय हे?"

"बाबांनीच," म्हणत सून कोयती आणायला पळाली.

बाबांच्यात बोलायचा दम नव्हता. खाटेवरून वाकले, दोराचं एक बारीक टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. सगळा दोर खाली. मी चावी फिरवली, नळी जोडली.

ओठांना रंग आल्यावर मी चिडून विचारलं, "बाबा, ही गाठ कशी सोडायची ते आधी दाखवायचं नाही का?"

"दर खेपेला तू सुनेला शिकवतेस, पोराला शिकवतेस," बाबा दम खात म्हणाले. "मना कोणी इचारलंय?"