कडक बाप, खाट नंबर तीन

शपथ घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे... बरं, एखाददुसरा सोडून द्या! तर मी कडक बाप. पोरगी नर्सिंगला. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी सेकंदकाट्याचं घड्याळ घरीच विसरली, आता पेशंटची नाडी काय माझ्या कपाळावर मोजणार? घड्याळ खिशात घालून धावत गेलो, तर वॉचमन आत सोडेना, मी लागलो ओरडायला, तेवढ्यात एक मॅडम आल्या आणि मला चक्क हाताला धरून आत! "काका, परीक्षेत चिडलेल्या पेशंटचं सोंग घेणारे आमचे क्लार्क आज आलेच नाहीत. तुम्ही पडा तीन नंबरच्या खाटेवर. अस्संच ओरडायचं."

"अहो पण—" म्हणेपर्यंत समोर ट्रे घेऊन कोण उभी? आमचीच पोरगी! पांढरीफटक! मागच्या खेपेला याच परीक्षेत आपटलेली. 'पेशंटचं मन ओळखत नाही' म्हणे. आता राहिली की वर्ष गेलं. आणि मी बाप आहे हे कळलं तर परीक्षाच रद्द!

मग काय, ओरडलो. कडक बाप ना मी! "हात लावू नकोस! येतं का काही तुला?" पण खरं सांगू, ट्रेमधली सुई दिसली आणि माझा अभिनय तिथंच संपला हो... पुढचं ओरडणं अस्सल होतं!

आणि ही काय करते? सुई कापडाखाली झाकते, स्टूल ओढते, माझं मनगट धरते आणि गप्प! मी ओरडतोय, ही गप्प. शेवटी मीच दमलो. तेव्हा हळूच म्हणते, "काका, राग आलाय की भीती वाटतेय?"

"भीती!"

कोण बोललं? मीच! वर डोळ्यांत पाणी!

"बरं. तुमच्या खिशात घड्याळ असेल ना? द्या, नाडी बघते." असेल ना म्हणे!

मॅडम थक्क. "कुठं शिकलीस गं हे?"

"घरी, मॅडम. बाबा ओरडायला लागले की आई म्हणते, तोंडाकडे बघू नकोस, हाताकडे बघ. हात थरथरत असला तर पाणी दे, नसला तर जेवायला वाढ."

अख्खा वर्ग हसला... आणि पोरीनं मला पाणी दिलं!

"म्हणजे वडील कडक आहेत?"

पोरीनं माझ्या हाताकडे पाहिलं. "हो मॅडम. फार कडक."

वीसपैकी अठरा!

आता कबूल करतो. वॉचमन, खाट, सुई, रडणं, सगळं खरं. बनवलेलं एवढंच... 'कडक बाप'. आणि तेही मी नाही हो बनवलं! मला बरं वाटावं म्हणून मायलेकींनी एकवीस वर्षं सांभाळलंय.